पाश्चात्त्य एकल गायनाच्या परीक्षकांना खुलं पत्र: रन्स मोजू नका, त्यांची जागा ऐका

सन्माननीय परीक्षक आणि संयोजक,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पाश्चात्त्य एकल गायनाचा निकाल लागला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. 'एवढ्या अवघड रन्स (एकाच अक्षरावर भरभर घेतलेले अनेक स्वर) घेतल्या, तरी नंबर नाही?' ही एक. 'नुसती ओरडली, गाणं होतं कुठे?' ही दुसरी. बऱ्याचदा दोन्ही वाक्यं एकाच गायिकेबद्दल, एकाच गाण्याबद्दल बोलली जातात. गुणपत्रिकेतही हेच दिसतं: एक परीक्षक दहापैकी नऊ देतो, शेजारचा चार. गॉस्पेलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, वळणाचं गाणं जगात जिथे जिथे पोचलं तिथे तिथे कान असेच दुभंगले आहेत. त्याला कारणं आहेत, आणि ती ठाऊक असतील तर गुण देणं सोपं होतं. हे गाणं शिकवणारे आम्ही काहीजण मिळून तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आमचं म्हणणं एकच आहे. ऐकणारा भारावतो किंवा चिडतो तो स्वर किती घेतले म्हणून नव्हे, ते कुठे घेतले म्हणून. कोणत्या शब्दावर, कोणत्या कॉर्डवर (साथीत एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर), आणि ती जागा गायकासाठी कुणी मोकळी सोडली होती का, यावर सगळं ठरतं.

एका अक्षरावर अनेक स्वर घेणं याला पाश्चात्त्य संगीतात मेलिस्मा म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तीच रन किंवा रिफ. मुरकी, हरकत, छोटी तान यांवर वाढलेल्या कानाला त्यात नवखं वाटण्यासारखं फार नाही. नवखा आहे तो तिच्याभोवतीचा संसार, आणि तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये उभा राहिला. प्रार्थनेची पुस्तकं कमी आणि वाचता येणारे त्याहून कमी, अशा काळात एकजण ओळ सांगायचा आणि बाकीची मंडळी ती अत्यंत विलंबित लयीत उचलायची. ही पद्धत ब्रिटनमधून आली होती. अठराव्या शतकात आयझॅक वॉट्स यांची भजनं अशीच गायली जायची, आणि बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या कृष्णवर्णीय मंडळींनी तर या सगळ्या गायकीला 'डॉक्टर वॉट्स' असंच नाव देऊन टाकलं. लय इतकी संथ की एका अक्षराला श्वासभर वेळ मिळे. त्या वेळात प्रत्येकजण आपल्या गळ्याप्रमाणे स्वर वळवून घेई. म्हणजे आज जिला आपण रन म्हणतो ती मुळात एकट्याची करामत नव्हती. सगळी मंडळी एकाच ओळीवर आपापली वळणं घेत होती.

विसाव्या शतकात शिकागोत संगीतकार थॉमस डॉर्सी यांनी या परंपरेला ब्लूजची (कृष्णवर्णीयांच्या लौकिक गाण्याची)  लय आणि पियानो जोडला, आणि गॉस्पेल घडलं. पुढे हॅमंड कंपनीचा बी-३ ऑर्गन चर्चमध्ये आला. या गायकीत ऑर्गनवाद्याचं काम नुसतं सूर धरायचं नसतं. गायक ओळ संपवून थांबला की तो उत्तर देतो. मंडळींतून कुणी 'येस' म्हणतं, कुणी नाव घेऊन हाक मारतं, कोरस शेवटचा शब्द उचलतो. गायक ऐकतो, मग पुढची जागा घेतो. समोरून काहीच आलं नाही तर अनुभवी गायक ओळ सरळ म्हणून पुढे जातो. आपल्या बैठकीत दाद आणि तबलजीची साथ जे काम करतात त्याच्याशी हे बरंच मिळतं.

याचा उत्तम नमुना म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना गायिका अरीथा फ्रँकलिन यांचं १९७२ सालचं ध्वनिमुद्रण ऐकवतो. लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्चमध्ये जानेवारीतल्या दोन रात्री ते झालं; गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड सोबतीला होते आणि मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर. त्यातलं 'अमेझिंग ग्रेस' हे भजन ऐका. जॉन न्यूटन यांचे शब्द १७७९ साली छापले गेले, आज जोडलेली चाल १८३५ च्या एका गीतसंग्रहात त्यांना लागली, आणि ती चाल निव्वळ पाच स्वरांची आहे: सा रे ग प ध. पहिली ओळ सरगमात लिहिली तर 'प़ सा, ग सा ग, रे सा, ध़ प़' अशी होते. भूप गाणाऱ्याला ती पाच मिनिटांत पाठ होईल. सरळ म्हटली तर एक कडवं अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं. अरीथांचं गाणं दहा मिनिटांहून जास्त चालतं, आणि त्या वेळात शब्द मोजकेच येतात. तरीही लांबल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक वळणानंतर त्या थांबतात, त्या थांबण्यात कोरस आणि समोरचे लोक भर घालतात, आणि पुढचं वळण त्या भरलेल्या जागेतून निघतं. हे मुद्रण ऐकताना गायिकेबरोबर लोकांचे आवाजही कान देऊन ऐकावेत. ते वजा केले तर त्या रन्सचं अर्धं कारणच नाहीसं होतं.

आता विरोधाकडे येऊ. 'अलंकरणामुळे गाणं बिघडतं' ही ओरड टीव्हीने जन्माला घातलेली नाही. १७२० च्या सुमारास बोस्टन परिसरातले गोरे पाद्री आपल्याच मंडळींवर याच कारणाने वैतागले होते. लोक चाली वाटेल तशा वळवतात, एका चर्चची चाल दुसऱ्या चर्चला ओळखू येत नाही, अशी त्यांची तक्रार. त्यांच्यापैकी थॉमस वॉल्टर यांनी १७२१ मध्ये नोटेशन (स्वरलिपी) शिकवणारं पुस्तक काढलं ते ही गायकी सरळ करण्यासाठीच. दोनशे वर्षांनी शिकागोत डॉर्सींना त्यांच्याच समाजातल्या प्रतिष्ठित चर्चनी दारं बंद केली. तिथे युरोपीय धाटणीचं संयत कोरसगायन हे सुशिक्षितपणाचं लक्षण मानलं जाई, आणि डॉर्सी तर आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवणारे. पुढे हीच गायकी चर्चबाहेर निघाली तेव्हा राग उलट्या बाजूने आला. १९५४ मध्ये गायक रे चार्ल्स यांनी गॉस्पेलच्या साच्यात प्रेमगीत घातलं, तेव्हा देवाचं गाणं बाजारात नेलं म्हणून श्रद्धाळू दुखावले. गॉस्पेल गायक सॅम कुक यांनी आपलं पहिलं लौकिक गाणं 'डेल कुक' या नावाने काढलं. गॉस्पेलचा श्रोता तुटेल ही धास्ती होती. आवाज लगेच ओळखला गेला, ते वेगळं.

एवढं सांगायचं कारण असं की या वळणावर चिडणारा माणूस फक्त स्वरांवर चिडत नाही. ही गायकी कुणाची, तिची जागा कुठली, कोण सभ्य आणि कोण आक्रस्ताळं, हे जुने हिशेब त्या चिडण्यात मिसळलेले असतात. 'ओरडणं' हा शेरा गुणपत्रिकेवर लिहिण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, अशी कळकळीची विनंती.

जिथे चाल सगळ्यांच्या मालकीची असते तिथे हा राग सर्वांत उघड दिसतो, आणि त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रगीताइतकं चांगलं उदाहरण नाही. त्याची सुरुवातच 'प ग सा ग प सां' अशी कॉर्डच्या स्वरांच्या उड्यांची, आणि एकूण पल्ला एक सप्तक अधिक पंचम. मैदानावर उभे असलेले हजारो लोक ते मनात म्हणत असतात. ७ ऑक्टोबर १९६८ ला डेट्रॉइटमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्याआधी गायक होसे फेलिसियानो यांनी ते गिटारवर, स्वतःच्या वळणांनी गायलं. त्यांची शैली गॉस्पेलपेक्षा लॅटिन आणि लोकगीताच्या अंगाची होती. पण लोकांच्या मनातली ओळ मोडली, आणि तीही व्हिएतनाम युद्धाच्या काळात. तक्रारींच्या फोनचा पाऊस पडला. पुढे काही वर्षं रेडिओवर आपली गाणी लागेनाशी झाली, असं त्यांनी सांगितलं आहे.

१३ फेब्रुवारी १९८३ ला कॅलिफोर्नियात, इंगलवुडच्या फोरममध्ये, बास्केटबॉलच्या ऑल-स्टार सामन्याआधी गायक मार्विन गे यांनीही राष्ट्रगीत पार बदललं. पण त्यांनी आधी ड्रम मशीनचा ठेका सुरू केला. गाणं वेगळ्या वाटेने जाणार हे पहिल्या शब्दाआधीच सगळ्यांना कळलं, आणि संपेपर्यंत प्रेक्षक ठेक्यावर टाळ्या वाजवत होते. चर्चमध्ये मंडळींना जी जागा असते ती त्यांनी ठेक्याने देऊ केली, आणि लोकांनी ती घेतली.

गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांचं २७ जानेवारी १९९१ चं, टँपात सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधीचं राष्ट्रगीताचं गायन त्याहून शिकण्यासारखं आहे. त्या न्यूअर्कच्या न्यू होप बाप्टिस्ट चर्चमध्ये, आई सिसी ह्यूस्टन यांच्या हाताखाली कोरसमध्ये गाऊन तयार झालेल्या. मूळ गीत तीन मात्रांच्या चालीचं. जॉन क्लेटन यांच्या संयोजनात ते चार मात्रांचं झालं, म्हणजे दर आवर्तनाला एक मात्रा वाढली. सुरुवातीच्या ओळी ह्यूस्टन जवळजवळ सरळ म्हणतात. त्या जादा मात्रेत स्वर ठरतो, श्वास मिळतो. मोठी झेप त्या राखून ठेवतात ती शेवटी 'फ्री' या शब्दावर. तोवर श्रोत्याला चाल पूर्ण मिळालेली असते, त्यामुळे ती वर गेलेली त्याला स्वतःची वाटते. हे गायन इतकं आवडलं की त्याची स्वतंत्र रेकॉर्ड निघाली. अलंकरणाला विरोध करणाऱ्यांतलेही बरेचजण या गायनाला अपवाद मानतात. आमच्या मते तो अपवाद नाही, नियमच आहे.

मग आजच्या विद्यार्थ्यांच्या गाण्यात हे का हरवतं? १९९० मध्ये गायिका मराया कॅरी यांचं पहिलं गाणं आलं, त्याच्या शेवटची लांबलचक रन मुलामुलींनी घासून पाठ केली. २००२ पासून अमेरिकन आयडॉल ही टीव्हीवरची गायनस्पर्धा सुरू झाली. तिथे गायकाला दीड-दोन मिनिटं मिळतात. पहिलं कडवं कापलं जातं, मधलं वाद्यसंगीत जातं, आणि उरतो तो चढलेला शेवट. दहा मिनिटांच्या चर्चमधल्या गाण्यात आठव्या मिनिटाला जे यायचं ते इथे विसाव्या सेकंदाला येतं. त्यात आवाजाला कंप्रेशन लावलेलं, म्हणजे हलका स्वर आणि पूर्ण ताकदीचा स्वर जवळपास सारख्याच मोठेपणाने घरात पोचतात. गळा भरून येणं, स्वर फाटणं, खरखर हे सगळे मानवी दुःखाचे आणि आवेगाचे आवाज आहेत. कारण समजायच्या आत कुणी आपल्यासमोर हुंदके देऊ लागलं तर आपण अवघडतो. श्रोत्याचं 'खोटं वाटलं' हे बहुतेक वेळा तेच अवघडलेपण असतं.

ऑटो-ट्यून या सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचाही इथे वाटा आहे. १९९७ साली ते बाजारात आलं. स्वर किती मिलिसेकंदांत 'बरोबर' जागी खेचायचा हे त्यात ठरवता येतं, आणि ही वेळ अगदी कमी ठेवली की रनचा प्रत्येक स्वर पायरीसारखा सपाट होतो. गॉस्पेल आणि ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधला असतो. यंत्र त्याला जवळच्या स्वरावर नेऊन बसवतं. अशा ध्वनिमुद्रणांवरून शिकलेली मुलगी स्वच्छ गाते, पण तिच्या रनमध्ये तो मधला गंधार नसतो. परीक्षकांनी त्या मधल्या स्वराला 'बेसूर' म्हणून गुण कापू नयेत. गुण कापायचेच असतील तर तो स्वर दोन वेळा दोन वेगळ्या उंचीवर लागला म्हणून कापावेत.

आता एक रन जवळून पाहू. भूपाच्याच स्वरांत उतरणारी, या गायकीत शेकडो वेळा भेटणारी रचना: 'ग रे सा, रे सा ध़, सा ध़ प़'. तीन-तीनचे तीन गट, एकूण नऊ स्वर. मेट्रोनोम (लय धरणारं यंत्र) मिनिटाला ६० मात्रांवर ठेवला आणि मात्रेला सहा स्वर धरले तर तिला दीड मात्रा लागते. ओळीच्या शेवटी दोन मात्रा मोकळ्या असतील तर शेवटच्या स्वरावर टेकायला आणि श्वास घ्यायला अर्धी मात्रा उरते. गायिकेला मात्रेला पाचच स्वर जमत असतील तर तीच रन १.८ मात्रा खाते, श्वास अर्धवट राहतो आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द उशिरा पडतो. श्रोत्याला हे गणित माहीत नसतं. त्याला फक्त 'घाई झाली' एवढं कळतं, आणि तो रनलाच दोष देतो.

हीच रन सा-ग-प या कॉर्डवर खालच्या पंचमावर छान बसते. कॉर्ड म-ध-सा असेल तर तो पंचम लटकतो. शेवटचा स्वर सोडून धैवतावर थांबलं की बसते. कॅराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांचं इथेच बिनसतं. रन यूट्यूबवरून जशीच्या तशी उचललेली असते, ट्रॅकच्या संयोजनात मात्र त्या जागी कॉर्ड वेगळा असतो. प्रत्येक स्वर सुरात, आणि तरी कानाला खुपतं.

गळ्यातल्या चुकाही ठरावीक आहेत. स्वर वेगळे काढण्यासाठी मध्ये 'ह' येतो आणि 'आ'चं 'हाहाहा' होतं. त्यात हवा वाया जाते आणि शेवटचा स्वर खाली उतरतो. जबडा प्रत्येक स्वराला हलतो. हनुवटीला दोन बोटं लावली की लगेच कळतं. गटातल्या पहिल्या स्वरावर किंचित वजन नसेल तर नऊ स्वरांची एक ओबडधोबड मींड होते. मुद्रण अर्ध्या वेगाने ऐकलं तर नऊपैकी पाचच स्वर सापडतात. मराठी मुलांची एक खास अडचण म्हणजे इंग्रजीतले जोडस्वर. 'लाइफ', 'माय' अशा शब्दांत ती 'इ'वर लवकर जातात आणि रन बंद तोंडाने होते. शेवटच्या स्वरापर्यंत 'आ'वर राहायचं आणि 'इ' फक्त सुटताना लावायचा. तयारीचा क्रम साधा आहे: आधी सरगम, मात्रेला एक स्वर, प्रत्येक स्वर तुटक, मग मात्रेला दोन, तीन, चार, मग जोडून, आणि शब्द सर्वांत शेवटी. मेट्रोनोमचा वेग एका वेळी मिनिटाला पाच मात्रांपेक्षा जास्त वाढवू नये.

तर आमच्या मागण्या. रन्ससाठी किंवा 'तयारी'साठी वेगळा रकाना असेल तर तो काढावा. तो आहे हे कळलं की मुलं तो भरायलाच गातात. त्याऐवजी एक प्रश्न ठेवावा: पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मूळ चाल कळली का? भावगीताला गुण देताना हरकतीने शब्द मोडला की तुम्ही लगेच गुण कापता, आणि नाट्यगीतात तानेनंतर मुखडा समेवर आला की दाद देता. तोच कान इथे वापरावा. इंग्रजी गाणं आहे म्हणून निराळा मापदंड शोधायची गरज नाही.

नियमांत साथीदाराला परवानगी असेल तर कीबोर्डवादकाला उत्तेजन द्यावं, आणि रेकॉर्डेड ट्रॅकवर गाणाऱ्यांना व साथीवर गाणाऱ्यांना एकाच तराजूत तोलू नये. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, आणि थांबण्यावरच ही गायकी उभी आहे. माइक हातात घेऊ द्यावा. स्टँडला बांधलेल्या माइकवर चढा स्वर घेताना ओठांपासूनचं अंतर पाच सेंटिमीटरवरून पंधरा-वीसवर नेता येत नाही, आणि मग जे कानात शिरतं त्यालाच सभागृहात 'ओरडणं' म्हणतात. प्रत्येक स्पर्धकाला एक ओळ हलकी आणि एक ओळ चढी म्हणून आवाज तपासायला अर्धं मिनिट द्यावं.

आणि शेरा लिहिताना 'अति अलंकरण' किंवा 'छान तयारी' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या कडव्यातली, कोणत्या शब्दावरची रन, आणि ती शब्दामुळे, कॉर्डमुळे की श्वासामुळे फसली, एवढं दोन ओळींत लिहिलंत तर विद्यार्थिनी पुढच्या वर्षी तीच जागा दुरुस्त करून तुमच्यासमोर उभी राहू शकेल.

आपले,
पाश्चात्त्य गायन शिकवणारे काही शिक्षक